हंसऱ्या रेषांचा संस्कार

मनुष्याची अभिरुचि कोठें घडते, या प्रश्नाचें उत्तर आपण बहुधा महाविद्यालयांत किंवा मोठमोठ्या ग्रंथांत शोधतों. माझ्या मतें तिचा पाया त्याहून पुष्कळ आधीं, अक्षरें अडखळत वाचण्याच्या वयांतच पडतो. आणि तो घालणारा कारागीर पुष्कळदां हास्यचित्रकार असतो. याचें एक चांगलें उदाहरण आमच्या तासगांवच्या परिसरांतच आहे.

तासगांव म्हटलें कीं परशुरामभाऊ पटवर्धनांचें गणपतिमंदिर आणि त्याचें सात मजली गोपुर डोळ्यांपुढें उभें राहतें. तें मान उंच करून पाहावयाचें. मान खालीं घालून पाहावयाचीं चित्रें मात्र आम्हांस मिळालीं तीं किर्लोस्करवाडीहून. तासगांवाहून कांहीं कोसांवर, औंध संस्थानांतील माळरानावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं ही वसाहत उभारली. नांगरांच्या त्या कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्रक निघालें व पुढें तेंच 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं भावंडें त्यास लाभलीं. या मासिकांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५), म्हणजेच 'शंवाकि', हे स्वतः चित्रकार होते. जेथें लोखंड ओतलें जाई, तेथेंच जुनाट रूढींची थट्टाही छापली जाई!

आमच्या घरीं या मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. लेख आम्हां मुलांना कळत नसत. चित्रें मात्र कळत. त्यांतील ढोंगी किंवा भोळसट गृहस्थ आम्हांस आमच्याच आळींतला वाटे. मुलांच्या हातीं हें शस्त्र तसें धोक्याचेंच. मूल लंगड्यालाही हंसतें, तोतऱ्यालाही हंसतें. परंतु सुधारकाचें हास्यचित्र त्याला नकळत विवेक शिकवितें. रूढीखालीं पिचणाऱ्या माणसाला हंसावयाचें नाहीं, त्याला पिचविणाऱ्या रूढीला हंसावयाचें, हा भेद मला कोणत्याही प्रवचनानें शिकविला नाहीं. तो रेषांनीं शिकविला.

याच्या पुढची पायरी शि. द. फडणीस यांनीं दाखविली. त्यांचा जन्म १९२५ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील भोज येथें झाला आणि शिक्षण कोल्हापुरास व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत झालें. 'मोहिनी'च्या १९५२ सालच्या दिवाळी अंकावरील त्यांचें मुखपृष्ठ पुष्कळांस आठवत असेल: शेजारीं शेजारीं एक तरुण व एक तरुणी, एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. खालीं एकही शब्द नाहीं. पुढें त्यांचीं चित्रें प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत आलीं, आणि बेरीज-वजाबाकीला भिणारीं मुलें तेंच पुस्तक आपण होऊन उघडूं लागलीं. शंवाकींचें हास्य कोणावर तरी रोखलेलें असे. फडणीसांच्या हास्याला लक्ष्यच लागत नाहीं. कोणालाही न दुखवितां आणि शब्दावांचून हंसवितां येतें, ही गोष्ट त्यांनीं सिद्ध केली.

माझ्या पुढील आवडीनिवडींत या दोघांचाही वांटा आहे. अलंकारांनीं लादलेलें गद्य मला रुचत नाहीं, कारण थोड्या रेषांत पुरता माणूस उभा राहिलेला मीं बाळपणींच पाहिला. दुर्बळाची नक्कल करून टाळ्या मिळविणाऱ्या नाटकांतही माझें मन रमत नाहीं.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें: मुलांनीं कोणतीं पुस्तकें वाचावींत याची चिंता आपण वाहतों; तीं कोणत्या चित्रांना हंसतात, इकडेही लक्ष असूं द्यावें. वाचलेलें पुष्कळसें तीं विसरून जातील. कशाला हंसावें आणि कशाला हंसूं नये, हें मात्र सहसा विसरणार नाहींत.