एमएसचं इंटरफेरॉन: आठवड्याला एक इंजेक्शन की तीन?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायेलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरचं इन्सुलेशन गेलं की सिग्नल नीट पोहोचत नाही, तसंच काहीसं. आजार मध्येच उफाळतो, त्याला रिलॅप्स म्हणतात. इंटरफेरॉन बीटा-१ए हे औषध रिलॅप्स कमी करतं. पण किती द्यायचं?

वाद काय होता?

बायोजेनचं अ‍ॅव्होनेक्स अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. डोस ३० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, स्नायूत. सेरोनोच्या रेबिफमध्येही इंटरफेरॉन बीटा-१एच असतं, पण ४४ मायक्रोग्रॅम, आठवड्यातून तीनदा, त्वचेखाली. म्हणजे आठवड्याला ३० विरुद्ध १३२.

अमेरिकेत दुर्मिळ आजारावरच्या औषधाला ७ वर्षं बाजारात संरक्षण मिळतं. ते मुदतीआधी भेदायचं, तर आपलं औषध सरस आहे हे सेरोनोला दाखवावं लागणार होतं.

एव्हिडन्स चाचणी

सेरोनोने ६७७ रुग्णांवर थेट तुलना केली. २४ आठवड्यांत रेबिफ घेणाऱ्या ७५ टक्के रुग्णांना एकही रिलॅप्स आला नाही. अ‍ॅव्होनेक्सच्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. मार्च २००२ मध्ये एफडीएने रेबिफला मंजुरी दिली.

आक्षेपांनाही जागा होती. एमएस वर्षानुवर्षं चालतो, त्यापुढे २४ आठवडे थोडेच. तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणाला कुठलं औषध दिलंय हे माहीत नव्हतं, पण रुग्णांना माहीत होतं. शिवाय औषध निष्प्रभ करू शकणाऱ्या अँटिबॉडी रेबिफच्या गटात सुमारे २५ टक्के रुग्णांमध्ये सापडल्या, अ‍ॅव्होनेक्सच्या गटात २ टक्के.

मग जास्त डोस म्हणजे जास्त फायदा?

कोडमध्ये एकदम तीन बदल केले आणि प्रोग्रॅम वेगाने चालला, तर श्रेय कुठल्या बदलाचं? इथेही तसंच झालं. मात्रा, वारंवारता आणि इंजेक्शनची जागा, तिन्ही वेगळ्या होत्या.

फक्त मात्रा बदलून पाहिली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. ८०२ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅव्होनेक्स आठवड्यातून एकदाच, पण दुप्पट म्हणजे ६० मायक्रोग्रॅम दिलं. जास्तीचा फायदा दिसला नाही.

लक्षात काय ठेवायचं?

रुग्णासाठी हा फरक वर्षाला ५२ की १५६ इंजेक्शनांचा आहे. त्यामुळे 'आमचं औषध जास्त प्रभावी' असं वाचलं की विचारा: तुलना किती काळ चालली, आणि नेमकं काय काय बदललं होतं? डोस मात्र स्वतःहून बदलू नका, आधी न्यूरोलॉजिस्टशी बोला.