रंग गेला, धातू राहिला

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं आपण म्हणतो. तरी जवळजवळ अडीचशे वर्षं त्याच कोळशाला आपण स्वच्छतेच्या कामाला जुंपलं आहे.

1785 साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधशाळेत तोबियास लोवित्स टार्टारिक आम्लाचे द्रावण आटवत असे. ते हटकून तपकिरी पडायचं. त्यात लाकडी कोळशाची पूड घातली, की रंग गायब! मग त्याने तीच पूड कुजक्या, वास मारणाऱ्या पाण्यावर वापरून पाहिली. साखर कारखानदारांनी ही युक्ती लगेच उचलली. त्यांना पांढरी साखर हवी होती.

कोळसा स्पंजासारखा पितो, अशी आपली समजूत असते. तो पीत नाही, आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. यासाठी 1881 मध्ये हाइनरिख कायझरने ‘ॲडसॉर्प्शन’ हा शब्द रूढ केला. आपण अधिशोषण म्हणतो. पुढे 1900 च्या सुमारास ऑस्ट्रेइकोने पेटंटं घेतली. एका रीतीत लाकडासारख्या मालात धातूंचे क्लोराइड मिसळून तो भाजायचा, दुसरीत तापलेल्या कोळशावरून वाफ सोडायची. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन, बघा! (गंमत अशी, की लाकडी कोळशासाठी पुढे बरीच वर्षं झिंक क्लोराइड वापरलं गेलं. म्हणजे जस्त, तोही जड धातूच.)

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना पडणारा प्रश्न. पाणी शुद्ध झालं, हे ठरवलं कशावरून? डोळ्यांवरून आणि नाकावरून. कोळशाची प्रत आजही मिथिलीन ब्लू, आयोडीन, मळी यांवर तपासतात. सगळे रंगीत पदार्थ! शिसे आणि कॅडमियम पाण्यात विरघळले, तर त्यांना ना रंग, ना वास. जपानात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्यांची हाडं कॅडमियमने ठिसूळ झाली. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते 1968 मध्ये.

साधा कोळसा इथे तोकडा पडतो. धातूचा आयन विद्युतभारित असतो, पाण्याचे रेणू लपेटून बसलेला असतो. त्याला कोळशाची फारशी ओढ नसते. म्हणून नायट्रिक आम्लासारख्या द्रव्याने कोळशावर ऑक्सिजनयुक्त गट निर्माण करतात. ते धातूला पकडतात. पण पाणी आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनचे आयन त्या जागा आधीच अडवतात. आणि धातू मूलद्रव्य आहे, तो जळत नाही की कुजत नाही. पाण्यातून निघाला तो कोळशावर बसला, एवढंच. वापरलेला कोळसा आम्लाने धुतला, की पुष्कळसा पुन्हा सुटतो. कारखान्यात ही सोय ठरते, कारण कोळसा परत वापरता येतो. तोच कोळसा उकिरड्यावर टाकला आणि तिथे आंबट पाणी झिरपलं, तर तेच घडतं. फक्त खाली धरायला भांडं नसतं.