मेजवानीसाठी चीजभरले पाव: ब्रिटनमधील शाकाहारी पाहुण्यांसाठी निवड आणि कृती

चीजचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेले लहान पाव घरगुती मेजवानीच्या आरंभी देण्यास सोयीचे असतात. ते हातात धरून खाता येतात आणि बरेचसे काम आदल्या दिवशी उरकता येते. ब्रिटनमधील मराठी यजमानास मात्र कृतीपूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: आणलेले चीज शाकाहारी आहे काय?

चीजची निवड

चीज करताना दूध साकळण्यासाठी रेनेट हे विकर वापरतात. पारंपरिक रेनेट कत्तल केलेल्या वासराच्या जठरापासून मिळते. सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले रेनेटही आता मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि ते शाकाहारी मानले जाते. भारतात वेष्टनावरील हिरवा ठिपका बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. शिवाय वेष्टनावर रेनेटचा उल्लेख असतोच असे नाही. त्यामुळे उल्लेख नाही म्हणून चीज शाकाहारी ठरत नाही. ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ ही अक्षरे किंवा व्हेजिटेरियन सोसायटीचे चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

पार्मेसान आणि ग्राना पादानो या संरक्षित नावांच्या चीजमध्ये वासराचे रेनेट वापरले जाते, म्हणून ती शाकाहारी पाहुण्यांसाठी वर्ज्य ठरतात. ‘इटालियन स्टाइल हार्ड चीज’ या नावाने पर्याय मिळतात. त्यांवरील खूणही तपासावी. चेडरचे अनेक प्रकार शाकाहारी असतात.

मोझरेलाने तार सुटते, तर मुरलेल्या चेडरने चव येते. नुसते जुने चेडर भाजल्यास तूप सुटून पाव तेलकट होतो. म्हणून दोन्ही एकत्र घ्यावीत. पाण्यात ठेवलेला मोझरेलाचा गोळा सारण ओले करतो. त्याऐवजी कोरडा, किसण्याजोगा मोझरेला घ्यावा.

साहित्य (24 पाव)

पारीसाठी 500 ग्रॅम स्ट्राँग व्हाइट ब्रेड फ्लोअर, 7 ग्रॅम झटपट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, 1 चमचा साखर, 310 मिलिलिटर कोमट दूध-पाणी, 40 ग्रॅम लोणी. सारणासाठी 200 ग्रॅम मोझरेला, 100 ग्रॅम चेडर, 200 ग्रॅम मक्याचे दाणे व ढोबळी मिरची, हिरवी मिरची, कोथिंबीर. वरून लावण्यासाठी 50 ग्रॅम लोणी व ठेचलेला लसूण.

कृती

पीठ, यीस्ट, साखर व मीठ एकत्र करून दूध-पाण्यात भिजवावे. लोणी घालून दहा मिनिटे मळावे आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. हिवाळ्यात ब्रिटनमधील स्वयंपाकघर गार असते. अशा वेळी ओव्हन बंद ठेवून फक्त त्यातील दिवा लावावा व पीठ आत ठेवावे.

मका व ढोबळी मिरची परतून पाणी आटवावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच चीजमध्ये मिसळावी. गरम सारणाने चीज आधीच वितळते व पारी फाटते. पिठाचे 24 गोळे करून पुरणपोळीच्या उंड्याप्रमाणे प्रत्येकात साधारण 20 ग्रॅम सारण भरावे. तोंड घट्ट मिटून ती बाजू खाली ठेवावी. पाव ट्रेमध्ये थोड्या अंतराने लावून अर्धा तास फुगू द्यावेत. वरून अंड्याऐवजी दूध लावावे.

ओव्हन 200 अंशांवर (पंख्याच्या ओव्हनमध्ये 180, गॅस मार्क 6) आधी तापवून 18 ते 20 मिनिटे भाजावे. बाहेर काढताच लसूण-लोणी लावावे. चातुर्मास पाळणाऱ्या पाहुण्यांसाठी काही पाव लसणाशिवाय ठेवावेत. त्यांना ओवा व मिरपूड लावता येते.

आधीची तयारी व वाढणी

भरलेले पाव झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता येतात. भाजण्यापूर्वी पाऊण तास बाहेर काढावेत. पाव गार झाले की चीज चिवट होते, म्हणून पाहुणे आल्यावर पहिला ट्रे व नंतर दुसरा भाजणे उत्तम. सभागृहात न्यायचे असल्यास तेथे ओव्हन आहे का, हे आधी विचारावे. उरलेले पाव दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत व पुन्हा खाताना आतपर्यंत कढत करावेत.

थाळीशेजारी लहान चिठ्ठी ठेवावी: पावात गहू व दूध आहे, चीज शाकाहारी आहे, लसूण कोणत्या बाजूस आहे. त्यामुळे वडीलधाऱ्या पाहुण्यांना संकोचाने विचारावे लागत नाही आणि ॲलर्जी असणाऱ्यांचीही सोय होते.