रखमाबाईंचा नकार आणि कलम नऊ

राजसत्तेने व्यक्तीच्या जीवनात कोठवर शिरावे, हा प्रश्न पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला व आगरकरांच्या पिढीवर मिलची छाप पडली, हे खरेच. परंतु महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत रोखठोकपणे उभा केला तो एका तरुण स्त्रीने, आणि तोही न्यायालयात.

रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अजाणत्या वयात झालेल्या विवाहाच्या आधारे प्रौढ स्त्रीला इच्छेविरुद्ध पतीच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्रजी कायद्यातून आला आहे, हेही त्यांनी दाखविले. पुढे अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : पतीकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

यातील विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. धर्म बुडाला म्हणून हाकाटी करणारे सनातनी ज्या उपायाचा कैवार घेत होते, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत जन्मलेला होता. आणि खुद्द इंग्लंडने त्यामागील तुरुंगवास १८८४ मध्येच रद्द केला होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी प्रकरण मिटविले. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. लादलेले बंधन नाकारणारी व्यक्ती समाजऋण नाकारतेच असे नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

आता दिल्लीकडे वळू. १९२३ मध्ये या हुकुमामागची तुरुंगाची शिक्षा आपल्याकडेही गेली. मालमत्तेच्या जप्तीची तरतूद मात्र उरली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला, आणि स्वतंत्र भारताच्या संसदेने कलम ९ मध्ये तोच जुना उपाय स्वीकारला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई निवर्तल्या. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते वैध मानले. आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचाच पक्ष उचलून धरला. मोडू पाहणारा संसार सावरण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू अनादर करण्याजोगा नाही. परंतु ज्या इंग्लंडकडून आपण हा उपाय घेतला, त्याने तो १९७० च्या कायद्याने मोडीत काढला होता.

आम्ही सरकारी नोकर हुकुमांच्या नगरीत राहतो. कागदावर सही झाली की कर्तव्य घडते, असे मानण्याची सवय आम्हांस सहज जडते. कर, कर्ज, पोटगी, मुलांचे पालनपोषण ही देणी कायद्याने अवश्य वसूल करावीत. त्यांवाचून समाज चालणार नाही. सहवास मात्र वसुलीचा जिन्नस नव्हे. ही सीमारेषा रखमाबाईंनी तुरुंगाच्या दारात उभे राहून आखली. ती कायद्याच्या पुस्तकात उतरविण्याचे काम आमच्या पिढ्यांकडे राहिले आहे.