बाष्पनौकाबांधणी, मुंबईतील

वाफेच्या एंजिनावर चालणाऱ्या नौका म्हणजे आगबोटी बांधण्याचा उद्योग मुंबई बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. त्यापूर्वी तेथे शिडाची जहाजे बांधण्याची परंपरा चांगलीच रुजली होती. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी मुंबईस आले आणि पुढे मुख्य बांधणीकाराचे पद त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मलबारी सागवानाची त्यांची जहाजे टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध होती. त्यांपैकी १८१७ मधील ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करण्यात आली आहे.

मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट बांधण्यात आली. तिचा सांगाडा मुंबईचा होता; मात्र प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन एंजिने इंग्लंडहून आली होती. २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून ती सु. एका महिन्यात सुएझला पोहोचली. एडनपर्यंतच्या पल्ल्यास पुरेल इतका कोळसा ठेवण्यास तिच्या कोठारात जागा नव्हती, म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही तो भरावा लागला.

शिडाचे जहाज बांधण्याचे कौशल्य आगबोटीला अपुरे पडे. बाष्पित्र व एंजिन यांचे वजन जहाजाच्या मध्यभागी एकवटत असल्याने तळाचा पाया भक्कम करावा लागे. दोन्ही बाजूंची वल्हीचक्रे फिरविणारा आडवा दंड अचूक बसवावा लागे. लाकडी सांगाडा लाटांवर किंचित वाकला, तरी त्याचे धारवे घासत. बाष्पित्रात समुद्राचेच पाणी वापरीत असल्यामुळे आत क्षारांचा थर साचे. तो टाळण्यासाठी खारट झालेले पाणी ठराविक वेळाने बाहेर सोडावे लागे. हे ज्ञान सुतारकामातून मिळणारे नव्हते.

ते प्रत्यक्ष हाताने मिळविणाऱ्यांत अर्देशिर करसेटजी वाडिया (१८०८–७७) हे अग्रगण्य होत. लवजींचे वंशज असलेले अर्देशिर लहान वयातच गोदीत दाखल झाले. त्यांचा ओढा जहाजाच्या सांगाड्यापेक्षा यंत्राकडे अधिक होता. त्यांनी प्रथम एक अश्वशक्तीचे लहान एंजिन तयार केले. त्यानंतर १० अश्वशक्तीचे एंजिन इंग्लंडहून मागवून ते ‘इंडस’ या सु. ६० टनांच्या नौकेत बसविले (१८३३). लहान यंत्रावर हात बसवून मग नौका सज्ज करण्याचा हा क्रम लक्षणीय आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी माझगाव येथील आपल्या बंगल्यात वायुदीप लावले.

बाष्पयंत्रांच्या अभ्यासासाठी ते १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी बाष्पयंत्र कारखान्यात मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे यूरोपीय कारागीर एका भारतीयाच्या हाताखाली आले आणि त्यामुळे या नेमणुकीवर टीकाही झाली. अर्देशिर त्या पदावर १८५७ पर्यंत होते.

५ फेब्रुवारी १८५१ रोजी त्यांची ‘लवजी फॅमिली’ ही सु. ८० टनांची आगबोट पाण्यात उतरली. तिचे सर्व भाग त्यांनी आपल्या घरच्या ओतशाळेत तयार केले होते. ‘इंडस’चे एंजिन परदेशी होते, या आगबोटीच्या बाबतीत मात्र ते परावलंबन उरले नाही. तथापि ही सिद्धता एका व्यक्तीच्या उद्योगापुरतीच राहिली. लोखंडी जहाजे व मोठी एंजिने यांसाठी लागणारे पोलाद, भांडवल आणि सरकारी मागणी यांचा ओघ ब्रिटनमधील कारखान्यांकडेच राहिला आणि शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या जहाजबांधणीचे पूर्वीचे महत्त्व ओसरले.

अर्देशिर यांचे निधन इंग्लंडमधील रिचमंड येथे झाले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.