‘विरजणच वाईट होते’
* दही न लागल्याचा दोष लेखिकेने विरजणाला दिला असला, तरी तो कढत दुधाचा असावा. विरजणातले जिवाणू विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, जोरावर दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. ही विकरे साधारण ३० ते ४५ अंश सेल्सिअसला जोमात असतात. उमरीकडे (जि. नांदेड) मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दही चार-पाच तासांत लागते, पौषात तेच पातेले गोधडीत गुंडाळावे लागते. थंडीत विकर नुसते मंदावते, ऊब मिळताच पुन्हा कामाला लागते. कढत दुधात मात्र त्याच्या प्रथिनाची घडीच उलगडते, जिवाणूही मरतात. मग दूध निववून उपयोग नसतो. आम्लतेचा हिशेब वेगळा. सामू, म्हणजे पीएच, ४.६ च्या आसपास उतरला की दूध घट्ट होते. त्याखाली जिवाणूंची विकरे स्वतःच केलेल्या आम्लात अडखळू लागतात, म्हणून दह्याच्या आंबटपणाला मर्यादा असते. सामूची ही मोजपट्टी डॅनिश रसायनज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करताना. प्रत्येक विकराची आवड निराळी: जठरातले पेप्सिन सामू २ च्या सुमारास उत्तम चालते, तर भाकरीचा घास गोड करणारे लाळेतले अमायलेज त्याच आम्लात थांबते.