सांडपाण्याचा उतार

सांगोल्याजवळून वाहणारी माण नदी पुढे पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. या मुलखाच्या खुणा म्हणून देऊळ, वेस, घाट सांगतात. सांडपाण्याचा उतार मात्र कोणी सांगत नाही. मी इतिहास शिकवतो. क्रमिक पुस्तकातही तो नाही.

शेजारच्या मंगळवेढ्यात १३३८ साली गावकूस बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. कूस गावाची, मरण गावकुसाबाहेरच्याचे! १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. पण घाण उपसण्याचे काम जातीला चिकटूनच राहिले.

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, खेड्यांच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि स्थिरीकरण तळी आली. तळ्यात शेवाळ प्राणवायू पुरवते, जिवाणू घाण खातात. गाळ मात्र तळाशी साचतोच. तो कोण उपसणार?

गटारात, मैलाटाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसे मरतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली. उतरणाऱ्याची जात बदलली काय?

म्हणून तळ्याची जागा ठरण्याआधीच आपण ग्रामसभेत विचारले पाहिजे: उतार कोणाच्या वस्तीकडे आहे, आणि गाळ उपसणारे यंत्र कोठे आहे?